रंगारी, हिरा आणि आणखी एक परीक्षा

एका गावात एक रंगारी राहत होता. निदान मला तरी तो रंगारीच आठवतो. ही गोष्ट चौथीत असताना आमच्या भूगोलाच्या मास्तरांनी सांगितली होती आणि त्याला आता सत्तर वर्षं होत आली. मधल्या काळात मी इतकं वाचलं, की यातलं ऐकलेलं किती आणि मागाहून मीच घातलेलं किती, हे मला खात्रीने सांगता येणार नाही. पुष्कळ पुस्तकांत शोधली, पण सापडली नाही. तेव्हा कुठे चुकलं तर ती चूक मास्तरांची समजू नये, माझी समजावी.

तर रंगारी. त्याचे हात कोपरापर्यंत निळे आणि त्याच्या बायकोचे लाल. दोघांचा रंग असा पक्का, की त्यांनी रंगवलेलं कापड विरून जाई, पण रंग उतरत नसे. एकदा रंगारीण म्हणाली, "अहो, बारा वर्षं रंगात हात बुडवतेय. मला एक तरी वस्तू अशी हवी, जिला रंगच नाही."

"अशी कुठली?"

"हिरा. नाकातल्या चमकीपुरता. हरभऱ्याएवढा नको, मुगाएवढा पुरे."

रंगारी हसला. पण त्या दिवसापासून तो थोडं थोडं बाजूला टाकू लागला आणि चार वर्षांनी साठलेली नाणी घेऊन गावातल्या म्हाताऱ्या जव्हेऱ्याकडे गेला.

जव्हेरी मोठा सचोटीचा माणूस. त्याच्या शब्दावर लोक डोळे मिटून सोनं मोडत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःच रंगाऱ्याच्या दारात उभा राहिला. आत आला, पाटावर बसला आणि डोक्यावरचं पागोटं उतरवून त्याच्या घड्या उलगडू लागला. एक घडी, दुसरी घडी, तिसरी घडी.

"जव्हेरीकाका, हिरा देताय की पागोटं वाळत घालताय?" रंगारणीला धीर निघेना.

"थांब गं पोरी. चोराला इतका धीर नसतो, म्हणूनच हिरा मी इथे ठेवतो."

शेवटच्या घडीतून एक पांढऱ्या कागदाची पुडी निघाली. पुडीच्या आत निळसर, पातळ कागद. आणि त्या कागदावर पहाटेच्या दवाचा थेंब बसावा, तसा तो!

चुलीवर रंगाचं पाणी उतू गेलं, तरी कोणी उठलं नाही.

"हे बघा," जव्हेरी म्हणाला, "हिरा खरा असला तरी सगळ्यांना लाभतोच असं नाही. म्हणून आपल्याकडे रीत आहे. पाच दिवस सुटाच घरात ठेवा. घरात ताप नाही, तंटा नाही, तर लाभला समजायचा. मग मी कोंदणात बसवून चमकी करून देतो. नाहीच लाभला, तर तो मला परत आणि तुमची नाणी तुम्हाला परत."

"आणि खरा कशावरून?" रंगाऱ्याने विचारलं. विचारताना तो जरा लाजलाच.

जव्हेऱ्याला राग आला नाही. "तोंडाची वाफ सोड त्याच्यावर. काचेवर धुकं रेंगाळतं, हिऱ्यावरून तेव्हाच उडतं."

रंगाऱ्याने वाफ सोडली. धुकं आलं आणि गेलं! त्याने पुन्हा सोडली. पुन्हा गेलं!

"आता मी!" रंगारीण म्हणाली. जव्हेरी गेला तरी दोघं आळीपाळीने फुंकरत बसली होती.

मग शेजारीण आली. तिने पंचांग आणवलं. "ओळीवर पालथा ठेव. आरपार अक्षर वाचता आलं तर काच." ठेवला. एकसुद्धा अक्षर लागेना. शेजारणीने टाळी वाजवली. "अगं बाई, खराच की!"

मग कोणी पाण्याचा थेंब सोडायला सांगितला. थेंब हिऱ्यावर मोत्यासारखा गोल बसून राहिला. याही परीक्षेत हिरा उत्तीर्ण!

मग रंगाऱ्याने तो उन्हात धरला मात्र, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर रंगांची फुलं उडाली. रंगारी नाचायचाच बाकी राहिला. "अगं, हा बघ आपला मोरपंखी! हा कुसुंबी! आणि हा... हा तर मला अजून जमलेला नाही! तू म्हणालीस याला रंग नाही. यात सगळे रंग आहेत, फक्त ते याला लागलेले नाहीत!"

एवढ्यात त्याला शिंक आली आणि हिरा चिमटीतून उडाला.

"कोंबडीला धरा आधी!" शेजारीण ओरडली. कोंबडी धरली. घरातली सगळी माणसं गुडघ्यांवर रांगू लागली. जातं हलवलं, केरसुणी झटकली. शेवटी रंगारणीने नवऱ्याकडे पाहिलं आणि ती हसतच सुटली. हिरा त्याच्याच ओल्या, निळ्या कोपराला चिकटून बसला होता.

असे चार दिवस गेले. ताप नाही, तंटा नाही. पण रंगाऱ्याला परीक्षेची गोडी लागली होती. दर परीक्षेला आधी धाकधूक वाटायची, आणि हिरा खरा उतरला की जो आनंद व्हायचा, तो पुन्हा हवासा वाटायचा. सगळ्या परीक्षा दोनदोनदा झाल्या. आता धाकधूक होईना आणि आनंदही तेवढा होईना.

पाचव्या दिवशी दाराशी जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "खरी परीक्षा तर राहिलीच. खरा हिरा घणाखाली फुटत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल."

रंगाऱ्याचे डोळे लकाकले. "चला लोहाराकडे!"

"अहो, थांबा," रंगारीण म्हणाली. "लुगड्याचा रंग पक्का आहे का हे तुम्ही धुऊन बघता, उन्हात टाकून बघता. फाडून बघता का कधी?"

"फाडल्यावर लुगडं फाटतं. याला काय होणार आहे? खरा आहे ना हा?"

"खरा आहे ना? मग मारायचा कशाला?"

पण पाय निघाले होते. मागे अख्खी आळी.

लोहाराने हिरा ऐरणीवर ठेवला. "रंगारीदादा, हळू मारू की जोरात?"

"जोरात," रंगारी म्हणाला. हळू मारला असता तर लोकांनी पुन्हा शंका काढली असती.

घण वर गेला. खाली आला. खडीसाखर दाताखाली फुटावी तसा आवाज झाला.

ऐरणीवर चुरा पडला होता.

"काच!" कोणीतरी ओरडलं. "म्हाताऱ्याने काच दिली!" आणि जी आळी पाच दिवस टाळ्या वाजवत होती, तीच ओरडत जव्हेऱ्याच्या दुकानाकडे निघाली. रंगाऱ्याने चुरा पुडीत गोळा केला आणि तोही मागोमाग गेला.

जव्हेऱ्याने पुडी उघडली आणि चुरा पाहिला.

"घणाखाली फुटला?" त्याने विचारलं. "मग तो हिरा नसणार. साठ वर्षं मीच गिऱ्हाइकांना सांगत आलोय, खरा हिरा घणाखाली फुटत नाही. माझे डोळे गेले म्हणायचे." त्याने रंगाऱ्याची नाणी जशीच्या तशी परत केली, चुऱ्याची पुडीही त्याच्याच हातात दिली, तराजू फडक्यात गुंडाळला आणि दुकानाला फळ्या लावल्या. दुसऱ्या दिवशी रस्त्यातली पोरं त्याला काचवाले आजोबा म्हणू लागली.

तिसऱ्या दिवशी लोहार रंगाऱ्याच्या घरी धावत आला. खांद्यावर तोच घण.

"वहिनी, दार लावा. आणि दादा, हे बघा!" घणाच्या तोंडात मोहरीएवढा एक कण रुतून बसला होता. "दोन दिवस काढतोय, निघत नाही. कानस मारली, तर कणाचं काही झालं नाही, माझ्या कानशीचे दात गेले! ऐरणीलाही खळगा पडलाय. काच कधी लोखंडात घुसते का?"

रंगाऱ्याने पुडी आणली. एक कण उचलून निळीच्या काचेच्या बुधलीवर ओढला. कर्र! काचेवर लख्ख रेघ उमटली. रंगारणीने उरलेला चुरा उन्हात धरला आणि भिंतीवर पुन्हा ती फुलं उडाली. मोरपंखी, कुसुंबी आणि तो तिसरा, न जमलेला.

"खरा होता," रंगारीण हळूच म्हणाली.

लोहार म्हणाला, "आपण तिघंच जाणतो. नाणी तर तुम्हाला परत मिळालीच आहेत. मी काही बोलणार नाही."

रंगारी बुधलीवरच्या रेघेकडे पाहत राहिला. सांगावं तर हिराही गेला आणि चार वर्षांची कमाईही गेली. वर गावभर हसं. न सांगावं तर काहीच जात नाही. म्हणजे त्याचं जात नाही. बंद फळ्यांमागे बसलेल्या म्हाताऱ्याचं तेवढं साठ वर्षांचं नाव जातं.

त्याने बायकोकडे पाहिलं. तिचं नाक मोकळं होतं. चमकीसाठी टोचून घेतलेल्या जागी कडुलिंबाची काडी होती.

"काय करू?"

"मला काय विचारता? आपला रंग खरा असून कोणी कच्चा म्हटला असता, तर तुम्ही त्या माणसाकडून काय मागितलं असतं?"

रंगारी उठला. एका हातात नाण्यांची थैली आणि चुऱ्याची पुडी घेतली, लोहाराचा घण खांद्यावर टाकला आणि भर बाजारातून निघाला. लोकांना वाटलं, हा आता म्हाताऱ्याचं दुकान फोडतो. मजा बघायला सगळा बाजार मागे लागला. दुकानासमोर उभा राहून त्याने मोठ्याने हाक मारली, "जव्हेरीकाका, दार उघडा! हिरा खरा होता! परीक्षा खोटी होती आणि ती घेणारा मूर्ख मी होतो!"

एक फळी सरकली. जव्हेऱ्याने आधी भिंग डोळ्याला लावलं, मग घण जवळ ओढला. बराच वेळ तो पाहत राहिला. मग त्याचे खांदे हलू लागले. रंगाऱ्याला वाटलं, म्हातारा रडतोय. पण तो हसत होता.

"साठ वर्षं, पोरा! साठ वर्षं मी हे लोकांना सांगितलं. आणि एकदाही फोडून पाहिलं नाही!"

रंगाऱ्याने थैली पुढे केली. लोकांना वाटलं, जव्हेरी नको म्हणेल. पण त्याने सगळ्यांसमोर ती दोन्ही हातांनी घेतली. "घेतो. न घेतली तर उद्या हेच लोक म्हणतील, काहीतरी पाणी मुरत होतं म्हणूनच सोडली."

मग त्याने सगळ्या फळ्या काढल्या, तराजू टांगला आणि पुडीतला चुरा पांढऱ्या कपड्यावर पसरला. चिमट्याने एकेक कण उलटत गेला. अचानक तो ओरडलाच, "सापडली! तांदळाच्या कणीएवढी एक धड हिरकणी उरलीय! जा, तुझ्या बायकोला बोलव!"

संध्याकाळपर्यंत चमकी तयार झाली. मुगाएवढी नव्हती, फार तर राजगिऱ्यापेक्षा जराशी मोठी असेल. पण म्हणतात, रंगारीण हसली की समोरच्या भिंतीवर तिसरा रंग उमटायचा आणि रंगारी हातातलं काम टाकून तो बघत बसायचा. त्या वर्षी त्याला तो रंग जमला. कुठल्या फुलापासून, तेही मास्तरांनी सांगितलं होतं. मी विसरलो.

जव्हेऱ्याने मात्र तेव्हापासून गिऱ्हाइकांना सांगायचं वाक्य बदललं. पुडी हातात देताना तो म्हणे, "खरा आहे. जपून ठेवा. खराही फुटतो."

तात्पर्य: खरेपणाची पारख करावी, पण ज्या परीक्षेनंतर वस्तूच उरत नाही, ती परीक्षा घेऊ नये, आणि आपल्या घणाने दुसऱ्याचं नाव फुटलं असेल, तर तो घण आपणच खांद्यावर घेऊन बाजारातून चालावं.

लहानपणी मी वर्गात उभा राहून मास्तरांशी भांडलो होतो, की हे सगळं खोटं आहे, खरा हिरा फुटतच नाही. ते नुसते हसले होते. पुढे नोकरी संपता संपता हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या एका कारागिराला मी भीत भीत विचारलं. त्याने हातातलं काम थांबवलं आणि सांगितलं, हिऱ्यावर ओरखडा फक्त हिऱ्यानेच उठतो, पण घणाचा एक घाव बसला, तर खऱ्यातला खरा हिराही फुटतो.