मागून आणलेला विस्तव

एकदा एक माणूस आपले कान कायमचे बंद करून घ्यायला निघाला.

त्याचे कान साधे नव्हते. दगडाखालून वाहणारे पाणी त्याला ऐकू येई. डोंगराच्या पोटात एखादी शिळा केसाएवढी सरकली, तरी तो झोपेतून उठून बसे. अंगातले बळही तसेच. चार बैलांना न हलणारी गाडी तो एकटा आसाला धरून उचली. आणि बुद्धी अशी, की कुठले पाणी किती वेळात कुठे पोचेल हे तो उभ्या उभ्या सांगे. असा हा माणूस कुठून आला, कोणाचा कोण, हे घाटाखालच्या त्या गावात कोणालाच ठाऊक नव्हते. एका उन्हाळ्यात तो आला आणि राहिला, एवढेच.

तो आला त्या दिवशी बाजाराच्या गाड्या नदीच्या कोरड्या पात्रात सुटल्या होत्या. वर आभाळ स्वच्छ होते. हा धावत आला आणि म्हणाला, "उठा, पाणी येतंय."

"कुठं येतंय?" लोकांनी विचारले.

"अजून तीन कोस लांब आहे."

लोक हसले. तेव्हा त्याने बोलणे सोडले आणि एकेक गाडी उचलून काठावर नेऊन ठेवली. पोरे आणि कोंबड्या गाडीतच होत्या. दूर डोंगरात वळीव कोसळला होता. शेवटची गाडी वर आली आणि नदी दोन्ही काठ भरून आली.

तेव्हापासून गावाने त्याला डोक्यावर घेतले. विहीर कुठे खणायची, ते तो खडकाला कान लावून सांगे. कड्यावरून धोंडा सुटणार असला, तर वाटेवरच्या माणसांना आधी बाजूला करी. गावाने त्याला शाल दिली, नारळ दिला आणि टेकडीवर एक दगडी घर बांधून दिले. तिथून कडा नीट ऐकू येईल, असे सगळे म्हणाले. पुढे लोक त्याला 'वरचा' म्हणू लागले.

दगडी घराचे खरे कारण मात्र दुसरे होते.

गावात एक दुकानदार होता. एकदा भर बाजारात हा त्याच्याकडे गेला आणि चांगल्या मनाने म्हणाला, "तुमची बायको रोज दुपारी रडते. तुम्ही दुकानात असता. एकदा विचारा तिला."

दुकानदाराचा चेहरा उतरला. गिऱ्हाईके एकमेकांकडे बघू लागली. त्यांच्या लक्षात आले, की ज्याला डोंगराच्या पोटातले ऐकू येते, त्याला भिंतीआडचेही ऐकू येते. त्या दिवसापासून गल्लीतले आवाज खाली उतरले, आणि महिन्याभरात गावाबाहेरच्या टेकडीवर त्याचे घर उभे राहिले. तो आला की माणसे नमस्कार करीत आणि गप्प होत. तो गेला की म्हणत, "हळू बोल, वरचा ऐकेल."

हे चार शब्द तो सहा वर्षे ऐकत होता.

डोंगराच्या खांद्यावर, गावापासून दीड कोसावर, एक वृद्ध साधू एका शिष्यासह राहत असे. त्याला झाडपाल्याची चांगली जाण होती. एका सकाळी हा माणूस त्याच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बाबा, मला बहिरं करा."

वृद्धाने त्याला जवळ बोलावले. "दुखतात का कान?"

"कान नाही दुखत." तो उंबऱ्याशी बसला. "मला ऐकू येत नाही असं लोकांना कळलं, तर ते माझ्यासमोर बोलतील. काय बोलतात ते मला कळणार नाही, पण ओठ हलताना दिसतील. मला तेवढं पुरे."

शिष्य आत ओल्या लाकडांशी झगडत होता. त्याचे हात थांबले.

वृद्ध म्हणाला, "माझ्या गुरूंनी मला एक मुळी दाखवली होती. उकळून कानात सोडली की ऐकणं जातं. ते परत येत नाही."

"चालेल."

"मग देईन. पण ते पाणी गावातल्या चुलीच्या विस्तवावर उकळायला हवं." असे म्हणून वृद्ध उठला आणि शेजारचा तांब्या उचलून त्याने आपल्याच चुलीत ओतला. सकाळपासून फुंकून फुंकून शिष्याने नुकताच जाळ धरवला होता. चूल फुस्स करून विझली.

"बाबा!" शिष्याच्या तोंडून निघाले.

"विझली खरी," वृद्ध शांतपणे म्हणाला. त्याने कोनाड्यातले एक खापर काढून त्या माणसाच्या हातात दिले. "जा. कोणाच्याही दारात माग. चकमक झाडायची नाही. मागूनच आणायचा."

तो माणूस खापराकडे पाहत राहिला. सहा वर्षांत त्याने गावात कोणाकडे काही मागितले नव्हते. पाणी तो स्वतः आणी, लाकूड स्वतः फोडी, आणि विस्तव तर चकमकीच्या एका ठोक्यात पाडी. शेवटी खापर घेऊन तो उतरू लागला.

तो वळणाआड गेल्यावर शिष्य म्हणाला, "बाबा, त्याला सांगा ना. तो बहिरा झाला आणि उद्या कडा सुटला, तर गावाला कोण सावध करील?"

"हे त्याला सगळेच सांगतात," वृद्ध म्हणाला. "गावाला तुझी गरज आहे, तुझी गरज आहे, हे ऐकून ऐकूनच तो इथवर आला. मी आणखी काय निराळं सांगणार?"

पहिल्या दिवशी तो गावातल्या पहिल्याच दारात उभा राहिला. घरातला माणूस घाबरून बाहेर आला. "काय झालं? कडा सुटला?"

"नाही. विस्तव हवा होता."

त्या माणसाला ते खरे वाटेना. त्याने आत जाऊन चिमट्याने दोन निखारे आणले, हात लांब करून खापरात टाकले आणि दार लोटून घेतले. अर्ध्या वाटेवर निखारे काळे पडले. वृद्धाने खापरातली राख पाहिली आणि म्हणाला, "उद्या पुन्हा जा." त्या दिवशी गुरुशिष्यांनी कच्ची काकडी आणि भिजवलेले पोहे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी तो निघाला, तर वाटेवर दुकानदाराचे घर आले. तो ते ओलांडून पुढे जाणार, तोच दुकानदाराची बायको दारात आली.

"काल शेजारी विस्तव मागितलात म्हणे. आमच्याकडं का नाही आलात?"

त्याने मान खाली घातली. "तुमच्या दारात यायला मला तोंड नाही."

तिने खापर त्याच्या हातातून घेतले, आत जाऊन ते निखाऱ्यांनी भरून आणले आणि त्याच्या हातात देताना हळूच म्हणाली, "त्या दिवशी हे घरी आले ते संतापूनच आले. मग संध्याकाळी त्यांनी विचारलं, का रडतेस. तोवर कोणी विचारलं नव्हतं." एवढे बोलून ती आत गेली.

निखारे विझू नयेत म्हणून तो ते घेऊन धावत सुटला. जितका धावला, तितका वारा लागला. निखारे फुलले, भडकले आणि डोंगराच्या पायथ्याशीच संपले.

तिसऱ्या दिवशी तो गावाच्या टोकाच्या घरी गेला. तिथे धुरपदा नावाची म्हातारी ओट्यावर लसूण सोलत बसली होती. सत्तरी उलटलेली, एका डोळ्याने अधू, आणि तोंडाने गावात सगळ्यांत फटकळ.

"आलास?" ती म्हणाली. "तीन दिवस झाले, खापर घेऊन फिरतोयस. एवढा थोराड गडी, आणि चार निखारे वर नेता येत नाहीत?"

"विझतात, आजी."

"विझतील नाहीतर काय? उघड्या खापरात घालून पळतोस. डोंगराच्या पोटातलं तेवढं ऐकू येतं तुला, आणि विस्तव कसा न्यावा ते ठाऊक नाही?"

आत सून हसली आणि लगेच तिने तोंडावर पदर धरला. म्हातारी म्हणाली, "हस की मोठ्यानं. त्याला तसंही ऐकू येतंच." मग याच्याकडे वळून म्हणाली, "आमची सासू-सुनेची भांडणं तू सहा वर्षं ऐकतोयस ना? मग खरं सांग, चूक कोणाची असते?"

तो गोंधळला. सून आतून कान टवकारून उभी होती, तिचा श्वास थांबलेला त्याला ऐकू आला. तो म्हणाला, "सकाळची तिची असते. संध्याकाळची तुमची."

म्हातारी एवढी हसली की तिच्या मांडीवरचा लसूण खाली सांडला. समोरच्या ओट्यावरची माणसेही हसली. तोही हसला. गावाने त्याला हसताना तोवर पाहिले नव्हते.

म्हातारीने कोनाड्यातले एक लहान मडके काढले. तळाशी राख घातली, त्यावर पेटत्या गोवरीचा तुकडा ठेवला, वरून पुन्हा राख पसरली. "असं न्यायचं. वरून दिसत नाही, पण आत जिवंत राहतं. आणि पळायचं नाही. तुझ्या आईनं नाही शिकवलं?"

"आमच्या घरी विस्तव आईच आणायची," तो म्हणाला. मग पुढे बोलू लागला. "मी लहान असताना मेघ गडगडला की मला सोसायचं नाही. आई माझं डोकं मांडीवर घ्यायची, गोधडीच्या दोन घड्या माझ्या कानांवर धरायची आणि वरून पदर गुंडाळायची. पाऊस थांबेपर्यंत तशीच बसून राहायची. ती गेली त्या वर्षी मी तिकडून निघालो."

ओट्यावरची माणसे त्याच्याकडे पाहत होती. कोणी काही बोलले नाही. पण ही शांतता रोजची नव्हती. सून पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि त्याच्यासमोर ठेवून तिथेच उभी राहिली.

"नाव काय ठेवलं होतं आईनं?" म्हातारीने विचारले.

"हैबती."

"हैबती," ती म्हणाली. "बरं आहे. मडकं परत आणून दे हो. माझं एकच आहे तसलं."

त्या दिवशी तो सावकाश चढला. मडके दोन्ही हातांत छातीशी धरले होते. वृद्धाच्या दारात पोचून त्याने राख बाजूला केली, तर आत गोवरी लाल होती. ओट्यावर काय काय बोलणे झाले, तेही त्याने सांगितले.

शिष्याने तो विस्तव चुलीत घालून जाळ केला. पाणी ठेवले. पाण्याला उकळी फुटू लागली, तशी वृद्धाने मुळीची पुडी सोडली आणि विचारले, "टाकू?"

हैबतीची मान एका बाजूला कलली होती. तो ऐकत होता. शिष्याला वाटले, कडा सुटला. तो उठून उभा राहिला.

"काय ऐकू येतंय?" वृद्धाने विचारले.

"धुरपदाआजी सुनेशी बोलतेय."

"भांडतायत?"

"नाही. म्हणतेय, हैबती पोचला असेल का गं वर? चढावर वारा आहे. विस्तव विझला नसला म्हणजे झालं."

चुलीवर पाणी खळखळा उकळू लागले.

मग हैबती उठला. त्याने मडक्यातली राख बाहेर झटकली आणि ते पदराने पुसावे तसे आपल्या उपरण्याने पुसले. "मी हे देऊन येतो, बाबा. पोचलो म्हणून सांगतो. ती वाट बघतेय." वृद्धाच्या पायांना हात लावून तो निघाला. पुडी तशीच उघडी राहिली.

वृद्धाने ती पुन्हा नीट बांधली. "पाणी तापलंच आहे," तो शिष्याला म्हणाला. "तांदूळ टाक."

शिष्याने तांदूळ टाकले. पण त्याच्या मनातला प्रश्न गेला नव्हता. "बाबा, त्याला विस्तवच का मागायला लावलात? त्यानं गावाला इतकं दिलं. गावानं आपणहून त्याला जवळ करायला हवं होतं."

"करायला हवं होतं," वृद्ध म्हणाला. "पण गाव त्याच्यापुढे अवघडलं होतं. प्रत्येक घरातलं रडणं, भांडणं, म्हाताऱ्यांचं कण्हणं त्याला ठाऊक. त्याच्या घरातलं गावाला काय ठाऊक होतं? त्याचं नावसुद्धा नाही. ज्याला आपलं सगळं कळतं आणि ज्याचं आपल्याला काहीच कळत नाही, त्याच्यापुढे माणूस अंग चोरून उभा राहतो. आणि हाही नुसता देत राहिला. सहा वर्षांत कोणाच्या दारात रिकामं भांडं घेऊन गेला नाही. त्याला काही कमी पडत असेल, हे लोकांना सुचावं तरी कसं? आज त्यांनी पाहिलं, की याला विस्तव नेता येत नाही आणि यालाही आई होती. त्याचे कान होते तसेच आहेत. गावाचा आवाज बदलला."

"आणि पुडीत?"

"पुडीत खरंच मुळी होती. त्यानं टाका म्हटलं असतं, तर मी टाकली असती. कान त्याचे आहेत."

शिष्याने चुलीत एक लाकूड सारले. थोड्या वेळाने म्हणाला, "मीही हळू बोलत होतो, बाबा. तो या वाटेनं जाताना दिसला, की मी आल्या-गेल्याशी झोपडीमागे जाऊन बोलायचो."

"मला ठाऊक आहे," वृद्ध म्हणाला. "त्यालाही."

शिष्य उठून दारात गेला. ऊन कलले होते. हैबती वाटेच्या पार खालच्या वळणावर, मुठीएवढा दिसत होता. तिथवर कोणाची हाक पोचली नसती. शिष्याने हाक मारली नाही. शेजारी बसलेल्या माणसाशी बोलावे, तसा तो साध्या आवाजात म्हणाला, "हैबती, सावकाश उतर. उद्या इकडेच जेवायला ये."

खाली वळणावरच्या माणसाने मागे न पाहता मडके एका हातात घेतले आणि दुसरा हात वर केला.