कोटाची शिवण

नरसिंगराव इनामदारांच्या आजोबांची मोटार हल्ली नुसता धूर ओकायची. दसऱ्याला तिच्यातूनच मिरवायचं, म्हणून नरसिंगराव सरकारांनी हुकूम सोडला, "जुनं इंजिन भंगारात घाला, नवीन बसवा."

दस्तगीर मिस्त्रीनं इंजिन खोललं होतं. तो म्हणाला, "हेच दुरुस्त करू, सरकार."

"सिलिंडर आतून झिजलाय, हे तूच सांगितलंस. मग झिजलेलं लोखंड परत वाढतं होय रे?" सरकार गुरगुरले. "उत्तर दे, नाहीतर उद्यापासून या आवारात पाऊल टाकू नकोस."

मिस्त्रीनं त्यांच्या अंगातल्या जरीच्या कोटाकडे पाहिलं. "हा कोट थोरल्या सरकारांचा, तुमच्या आजोबांचा ना? ते तर अंगानं किरकोळ होते. तुम्हाला कसा बसला?"

"शिंप्यानं शिवणीत जादा कापडाची माया सोडली होती. ती उसवून सैल केला."

"म्हणजे कापड तरी कुठं वाढलं, सरकार? इंजिन घडवणाऱ्यानंही सिलिंडरच्या भिंतीत जादा लोखंड सोडलंय. झिजलेलं घासून भोक जरा मोठं करू, त्यात जरा मोठा पिस्टन बसवू."

सरकारांनी कोटाच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग वाकून तेच बोट सिलिंडरच्या आत हळूच फिरवलं.

"माझ्या जन्माआधीच सोय करून ठेवली होती," ते हलक्या आवाजात म्हणाले. "लाग कामाला."