संमतीच्या बेचाळीस लाद्या

एक रान होतं. रानात एक पाणवठा होता. पाणवठ्याला चार घाट होते आणि प्रत्येक घाटावर दोन लांडगे पहाऱ्याला असत, कारण प्रजेने निर्भयपणे पाणी प्यावं अशी लांडगेमहाराजांची इच्छा होती. भय कोणाचं, हे योजनेत लिहिलेलं नव्हतं.

योजनेचं नाव निर्भय पाणी योजना. दर उन्हाळ्यात तिचं मूल्यमापन व्हायचं. ते काम सगुणा साळूकडे होतं, कारण लेखण्या तिच्या पाठीवरच उगवत. ती एक काटा उपटायची, जांभळाच्या रसात बुडवायची आणि पळसाच्या पानावर उत्तर लिहून घ्यायची. प्रश्न एकच असायचा:

निर्भय पाणी योजनेबद्दल आपण किती समाधानी आहात?
अ) खूप
आ) खूपच
इ) सांगायला शब्द नाहीत

अकरा वर्षं निकाल शंभर टक्के आला. जे असमाधानी होते ते उत्तर द्यायला सापडले नाहीत, आणि न सापडणाऱ्यांना मोजायचं कसं, हे सगुणेला कोणी शिकवलं नव्हतं.

बाराव्या हिवाळ्यात शिकवणारा आला. लांब पायांचा, गुलाबी पंखांचा रोहित पक्षी, दर थंडीत दूरदेशाहून तळ्यावर उतरणारा. तो खाताना मान खाली घालून चोच उलटी धरतो, त्यामुळे त्याला जग खालून वर बघायची सवय होती. त्याने सात दिवस जांभळाखाली शिबिर घेतलं.

"प्रश्न विचारणारा कोणाचं मीठ खातो, ते आधी बघा," रोहितगुरुजी म्हणाले. "ज्याच्या पायात काटा रुतलाय, प्रश्न त्यालाच ठरवू द्या. संमतीशिवाय कोणाचा शब्द उचलू नका. आणि जे हाती लागेल ते आधी सांगणाऱ्याकडे परत न्या. दरबार नंतर. याला म्हणतात दमनमुक्त संशोधन."

सगुणेला आपली अकरा वर्षांची पानं आठवली. तिचे काटे आपोआप उभे राहिले. शेजारचा ससा दचकून लांब जाऊन बसला.

ती भीत भीत दरबारात गेली. आता आपली लेखणी आणि आपली पाठ दोन्ही जाणार, असं धरूनच गेली होती. पण महाराजांनी सगळं शांतपणे ऐकलं, सचिव मुंगुसाकडे पाहिलं आणि त्याच सकाळी सभा बोलावली.

"माझ्या लाडक्या प्रजाजनहो! आजवर आम्ही विचारत होतो, तुम्ही सांगत होता. यापुढे काय विचारायचं तेही तुम्हीच सांगाल! हे ऐकणाऱ्यांचं राज्य आहे. आमचे कान बघा!"

प्रजेने कान बघितले. कानांच्या खाली बघायचं टाळलं.

फर्मान असं निघालं:

१. आजपासून रानात दमनमुक्त संशोधन सक्तीचं आहे.
२. जो मोकळेपणाने बोलणार नाही त्याला शिक्षा होईल.
३. संमतीशिवाय घेतलेलं उत्तर बाद.
४. हाती लागलेलं आधी सांगणाऱ्याकडे परत न्यावं, मग दरबारात आणावं.
५. पहिल्या कलमाबद्दल आनंद व्यक्त करावा.

उन्हाळा लागला. रोहितगुरुजी उडून गेले. दुसऱ्या एका देशात त्यांचं शिबिर ठरलेलं होतं.

आता, या रानात तोंडी शब्दाला किंमत नसते. सोयरीक असो, हद्दीचा वाद असो की माफी, ओल्या मातीच्या लादीवर पाय उमटला तरच ते पक्कं. म्हणून सगुणेने संमतीसाठी लाद्या केल्या. उत्तराच्या पानावर नाव नाही. पानं एका टोपलीत, लाद्या दुसऱ्या टोपलीत. कोणतं पान कोणाचं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. या दोन टोपल्यांचा तिला फार अभिमान होता.

सगळ्यात आधी ती धोंडाबाईकडे गेली. धोंडाबाई भेकरीण, भुंकणाऱ्या हरणांच्या जातीची. चिंचेच्या ओढ्यापलीकडे राहणारी, तोंडाने फटकळ, मागच्या डाव्या पायाने अधू.

"आलीस? लिही, खूपच," धोंडाबाई म्हणाली. "आणि जा. मला चरायचंय."

"धोंडाक्का, यंदा तसं नाही. यंदा प्रश्न तुम्ही सांगायचा."

"अगं बाई! मग तू काय करणार?"

"मी ऐकणार."

"अकरा वर्षं कान कुठे गहाण टाकले होतेस?"

सगुणेने काटा उपटून जांभळाच्या रसात बुडवला. धोंडाबाईने तोंडातलं गवत गिळलं.

"लिही मग," ती म्हणाली. "पाणी प्यायला किती गेले आणि परत किती आले? हा प्रश्न. माझं पाडस दुसऱ्या घाटावर गेलं होतं. पहाऱ्यावरच्याने त्याला आधी विचारलं, घाबरलास का? ते नाही म्हणालं. शिकवलंच होतं मी तसं, नाही म्हणायचं." तिने पानाकडे मान केली. "तुझ्या पानावर 'नेलं' असा रकाना आहे का?"

"तुम्ही पाडाल तो रकाना."

"पाड. मोठा पाड."

मग सगुणेने ओली लादी पुढे सरकवली.

"हे कशाला?"

"तुमची संमती. तुमचा मान आहे हा, धोंडाक्का."

धोंडाबाईने खूर उमटवला. मान म्हटल्यावर जरा जोरानेच उमटवला.

महिनाभरात बेचाळीस पानं झाली आणि बेचाळीस लाद्या. प्रत्येक पानावर तोच प्रश्न होता. 'नेलं' या रकान्यात एकूण एकशे सोळा. सगुणेने दोन्ही टोपल्या उचलल्या आणि ती सरळ दरबारात गेली. आनंद असा झाला होता की चौथं कलम तिच्या डोक्यातून साफ गेलं.

महाराज सिंहासनावरून खाली उतरले. पानांच्या टोपलीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. लाद्यांच्या टोपलीपाशी आले, एक लादी पंजाने ओढली आणि तिला नाक लावलं.

"भेकरीण," ते डोळे मिटून म्हणाले. "वयस्क. मागचा डावा पाय टेकत नाही नीट. अंगाला चिंचेच्या पाल्याचा वास." त्यांनी डोळे उघडले. "मुंगूसराव, कुरकुरणारे आहेत हे आम्हाला ठाऊक होतं. राहतात कुठे, तेवढं ठाऊक नव्हतं. सगुणाबाई, असं संशोधन या रानात कधी झालं नाही हो!"

दरबाराने टाळ्या वाजवल्या. लांडग्याला नाक असतं, हे शिबिरात कोणी सांगितलं नव्हतं. आणि सगुणेला तर ते जन्मापासून माहीत होतं.

महाराजांनी दुसऱ्या लादीकडे पंजा नेला.

"महाराज, कलम चार!" सगुणा ओरडली.

पंजा थांबला.

"काम अजून पुरं नाही. आधी सांगणाऱ्यांकडे परत न्यायचंय. तुमचंच फर्मान आहे. आणि थंडीत रोहितगुरुजी येणार, कलमं पाळली का विचारणार. त्यांनी शाबासकी दिली तरच शेजारची रानं आपल्याला पुढारलेलं म्हणतात."

महाराजांनी मुंगुसाकडे पाहिलं. मुंगुसाने मान खाली घातली, म्हणजे कलम खरं होतं.

"ने," महाराज म्हणाले. "दुपारपर्यंत परत आण. आम्हाला घाई नाही. भूक आहे, पण घाई नाही."

सगुणा दोन्ही टोपल्या घेऊन धावली. साळू धावते तेव्हा सुपात धान्य पाखडल्यासारखा आवाज होतो. त्या आवाजानेच ओढ्याकाठी धोंडाबाई आणि बाकीचे सांगणारे जमा झाले. तिने झालं ते सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा.

"धोंडाक्का, तुमचा माग त्यांना लागला. माझ्यामुळे. आता मी काय करू?"

धोंडाबाईने टोपलीत डोकावून पाहिलं.

"बारा वर्षांत हा पहिला शहाणा प्रश्न विचारलास," ती म्हणाली. "लाद्या दे इकडे."

एकेक लादी त्यांनी ओढ्यात सोडली. पाणी गढूळ झालं, मग नितळ झालं. पानांची टोपली मात्र धोंडाबाईने सगुणेकडे परत ढकलली.

"ही ने. आमचे पाय त्याला देऊ नकोस, पण आमची पोरं मोजायला लाव. तेवढ्यासाठी बोललो आम्ही. नाही तर चरत होतेच की मी."

"आणि तुम्ही?"

"मी कड्यावर जाते. लांडग्याच्या पंजाला तो चढ धरवत नाही; माझा खूर धरतो, लंगडत का होईना. चारा नाही म्हणा तिथे, पण घाटही नाही."

दुपारी सगुणा एकच टोपली घेऊन दरबारात उभी राहिली. मुंगुसाने पानं वाचली. सगळी वाचली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. मग त्याने विचारलं, "संमत्या कुठे आहेत?"

"सांगणाऱ्यांनी परत घेतल्या."

मुंगुसाचा चेहरा पडला. त्याला खरोखर वाईट वाटल्यासारखं दिसलं.

"मग ही उत्तरं आम्हाला घेता येणार नाहीत, सगुणाबाई. कलम तीन. ज्यांचा पाय नाही त्यांचं दुःख वापरायचं? हे तर सरळसरळ शोषण झालं. हे सरकार ते कदापि करणार नाही."

"पण एकशे सोळा—"

"हळू! संमतीशिवाय आकडा उच्चारू नका."

पानं शेळ्यांना घातली. शेळ्यांनी आनंद व्यक्त केला. अहवालात त्या जागी कोरं पान लावलं, त्यावर कोणाचाच आक्षेप आला नाही, आणि ते एकमताने मंजूर झालं. रोहितगुरुजी थंडीत आले, त्यांनी कोरं पान खालून वर पाहिलं आणि इतकी हळुवार नीती आपण कुठल्याच देशात पाहिली नाही, असं लिहून दिलं. सगुणेला शाल दिली. शाल काट्यांत अडकून फाटली.

त्यानंतर रोज उजाडताना कड्यावरून भेकराचा आवाज येऊ लागला. धोंडाबाई एकेक करून भुंकायची, मध्ये श्वास घ्यायची, पुन्हा भुंकायची. खाली चरणारे मान वर करून मोजायचे. एकशे सोळा. पुढच्या आठवड्यात एकशे अठरा. तिला वरती बातमी कोण पोचवतं, हे कोणी विचारलं नाही; सगुणेच्या पाठीवर मात्र तेव्हापासून नवा काटा उपटल्याच्या खुणा दिसत, आणि ती कड्याकडच्या वाटेनेच परतत असे.

पावसाळी अधिवेशनात एका म्हाताऱ्या कासवाने विचारलं, पाणवठ्यावर आजवर किती गेले?

मुंगूस उठला. म्हणाला, असा कोणताही आकडा सरकारकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांची चौकशी चालू आहे.