खांद्यावरची खूण

“मग ही कोण आहे, माय? तेवढं सांग. मी उठून जाते.”

कौतिकानं मांडीवरचं तान्हं पुढं धरलं. फुटकं मडकं पदरात पडलं की कुंभाराला जाब विचारतात, तसा तिचा आवाज. हात मात्र बाळाच्या मानेखाली मऊ होता.

माय दिव्यावर पालथं घातलेलं तांब्याचं ताट उचलून बघत होती. काजळी अजून नीट धरली नव्हती. तिनं ताट परत ठेवलं.

“बाळ आहे,” माय म्हणाली.

“ते मलाही दिसतंय. डोळे फुटले नाहीत माझे.”

“नाहीत ना? मग बरं.”

टेकडीच्या पायथ्याला, चिंचेखाली मायचा मठ. मठ कसला, एक खोली आणि पुढं ओटा. माय कुणाला उपदेश करत बसायची नाही. काजळ करायची. आसपासच्या गावांतलं एकही तान्हं तिची तीट लावल्याशिवाय पाळण्यात पडत नसे. म्हातारीला सगळे मायच म्हणायचे. खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं कुणाला सुचलंही नव्हतं.

कौतिका दारातून आत आली तेव्हा पाया पडली नव्हती. ती कुणाच्याच पाया पडायची नाही हल्ली. मंजुळा गेल्यापासून तर देवाच्याही नाही. ‘देवाला चांगली माणसं आवडतात,’ असं समजूत घालायला आलेल्या एका बाईला तिनं उंबऱ्यातच धरलं होतं. “मग तुमची पोरं वाईट आहेत का गं, अजून घरात दिसतात ती?” त्या दिवसापासून समजूत घालायला कुणी आलं नाही.

मंजुळा चार वर्षांची होती. तापानं गेली.

लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. त्याला दहावं नाही, कावळा नाही, गावजेवण नाही. खड्डा बुजवला, वर दगड ठेवला, हातपाय धुतले... झालं. आईनं मोठ्यानं रडू नये म्हणतात, पुढच्याला बाधतं.

पण पुरायच्या आधी सासूनं, आत्याबाईंनी, एक केलं होतं. काजळात अंगठा बुडवून तो मंजीच्या खांद्यावर टेकवला होता. जुनी रीत. जीव परत त्याच कुशीत आला, तर ओळखू यावा म्हणून.

आणि आता ही आली होती. खांद्यावर काळा डाग घेऊन.

“सुईणीनं पुसून हातात दिली, आणि आत्याबाई किंचाळल्याच,” कौतिका म्हणाली. “आली! माझी मंजी आली! नवरा रडला. ती गेली तेव्हा नव्हता रडला, हिला बघून रडला. गूळ वाटला घरोघर.”

“गोड होता का?”

“काय?”

“गूळ.”

“मी नाही खाल्ला.”

“का?”

कौतिकानं बाळाचं झबलं मागून सारलं. इवल्या पाठीवर, डाव्या खांद्याशी, बोराएवढा डाग.

“हा डावा. आणि आत्याबाईंनी अंगठा टेकवला तो उजव्या खांद्यावर. मीच तर कुशीवर धरली होती तिला. आंघोळ मीच घातली होती. माझ्या डोळ्यांपुढं लावलाय.”

“सासूला सांगितलंस?”

“सांगितलं की. म्हणाल्या, खांदा तो खांदा, यमाच्या दारातून यायचं म्हणजे थोडं इकडंतिकडं होणारच. नवरा म्हणतो, तू तेव्हा शुद्धीत तरी होतीस का?”

“होतीस?”

“त्या घरात मी एकटीच होते शुद्धीत!”

आवाज चढला. बाळ झोपेत ओठ मुडपून पुन्हा निवांत झालं. मायनं त्याच्याकडं बोट दाखवलं.

“ह्या आरड्याओरड्यात झोपतंय. पोटात ऐकून ऐकून सवय झालेली दिसते. तुझंच आहे, ह्यात तरी खोट नाही.”

कौतिकाला हसू आलं. ते तिनं गिळून टाकलं. हसायला ती आली नव्हती.

“उद्या बारसं आहे, माय. आत्याबाई तेच नाव कानात सांगणार. मंजुळा. मग ही मंजुळा. मग गेलं कोण? कुणीच नाही! काल शेजारीण म्हणाली, आता डोळे पूस, लेक परत मिळाली. म्हणजे माझ्या लेकीला दहावं नव्हतं, आता तिचं मरणही नाही. दगडाखाली कोण आहे मग? मांजर पुरलंय का आम्ही?”

मायनं दिव्याची वात पुढं सारली.

“तू सांग. तुझा शब्द आत्याबाई मोडणार नाहीत. तीच असली तर तीच म्हण. मी नाक घासते तुझ्यापुढं. नसली तर नाही म्हण. पण एक काहीतरी म्हण.”

“तीच असली तर काय करशील?”

“रडायचं थांबवीन.”

“थांबवशील?”

...

बाहेर चिंचेचा पाला सळसळला. दिव्याची वात तडतडली. कौतिका खाली मान घालून झबल्याची नाडी बांधत बसली. गाठ काही बसेना.

“कशी होती?” मायनं विचारलं.

“कोण?”

“मंजुळा.”

कौतिकानं वर बघितलं. इतक्या दिवसांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांनी कशानं गेली एवढंच विचारलं होतं.

“हट्टी,” ती म्हणाली. “माझ्यावर गेलेली. चपला उलट्या घालायची. डावी उजव्यात, उजवी डाव्यात. मी बदलून दिल्या की कोपऱ्यात जाऊन परत उलट्या करायची. म्हणायची, ह्या अशाच भांडत नाहीत. चालताना फटक फटक आवाज यायचा. मी चुलीपाशी असले तरी कळायचं, आली भवानी...” ती थांबली. “हीपण होईल तशी. आत्याबाई म्हणतात, चालायला लागली की बघशील. मी बघणारच आहे. चपला आणून ठेवल्यात.”

“हिच्या मापाच्या?”

“तिच्या.”

माय उठली. गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, हळूहळू. ताट उचललं. काजळी आता दाट धरली होती. तिनं ती वाटीत खरवडली, लोण्याचा गोळा घालून अंगठ्यानं खलायला लागली. पाठ कौतिकाकडं. खलता खलता, एकाएकी, अंगणात खेळणाऱ्या पोराला जेवायला बोलावतात तशी मोठ्यानं हाक मारली:

“मंजेऽऽ!”

कौतिकाची मान गर्रकन दाराकडं वळली.

दारात ऊन होतं. दुसरं काही नव्हतं.

बाळ मांडीवर होतं. हाकेनं जागं झालं होतं, आणि काळेभोर डोळे उघडून आईच्या हनुवटीकडं बघत होतं.

...

माय वाटी घेऊन समोर येऊन बसली. कौतिकाची मान अजून तशीच होती. दाराकडं.

“माझी आईपण असंच करायची,” माय म्हणाली. “मला हाक मारायची. मी पळत जायची, समोर उभी राहायची. आणि ती माझ्या मागं बघायची.”

“मागं? मागं कोण होतं?”

“माझ्या आधीची. मलाही खूण निघाली होती. गालावर. सगळ्यांनी गूळ खाल्ला.”

कौतिकानं मायच्या गालाकडं बघितलं. सुरकुत्याच सुरकुत्या. असला तरी आता कुठला डाग दिसणार?

“मोठी होईपर्यंत मी तिच्यासारखं हसायला शिकले,” माय म्हणाली. “तिला भोपळा आवडायचा म्हणून भोपळा खाल्ला. मला ओकारी यायची भोपळ्याची. आई मरताना माझा हात धरून म्हणाली, तू आलीस का गं... मी म्हटलं, आले. मी तर तिथंच होते.”

बाळानं आईच्या पदराचं टोक मुठीत धरलं. कौतिकानं खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. नाक वेगळं होतं. कानाच्या पाळ्या वेगळ्या होत्या. जन्मल्यापासून तिनं ह्या पोरीचा खांदा तेवढा शंभरदा बघितला होता. कान आज बघितले.

मग ती रडली. डोळ्यांतून पाणी गळू दिलं नुसतं, पुसलं नाही. पुढच्याला बाधेल म्हणून इतके दिवस अडवलेलं, ते पुढचीच्याच अंगावर पडत राहिलं. पोरीचं काही बिघडलं नाही.

“माय,” ती म्हणाली, “तुझं नाव काय गं?”

“तिचं गिरजा होतं.”

“तिचं नाही. तुझं.”

माय वाटीतलं काजळ अंगठ्यानं फिरवत राहिली. उगाचच. ते केव्हाच खलून झालं होतं.

...

बऱ्याच वेळानं कौतिकानं बाळाचं कपाळ मायपुढं केलं. निघायचं म्हणजे तीट लावूनच. मायनं काजळात अंगठा बुडवला. पण कपाळाला लावला नाही. पुढं वाकून कौतिकाचाच पदर बाजूला सारला आणि तिच्या उजव्या खांद्यावर अंगठा टेकवला. दाबून.

“हे काय गं, माय? मला?”

“हिला हिचं नाव ठेव. आणि सासूला सांग,” माय म्हणाली, “मंजीची खूण सापडली.”