पूजेच्या गाडीला चिखल

एकदा एक वृद्ध नेत्रवैद्य होते. त्यांची जुनी गाडी करडी होती की फिकट निळी, हे त्यांच्या शिष्याला आज नक्की सांगता येत नाही. त्या दिवशी गुरू जे बोलले ते शब्द नेमके त्यांचेच, की इतक्या वर्षांत आपणच ते मनात घासूनपुसून घेतले, अशीही शंका त्याला अधूनमधून येते. मात्र गोष्ट घडली, आणि ती दसऱ्याला घडली, एवढे त्याला पक्के ठाऊक आहे.

घाटापलीकडच्या एका गावात गुरू दरवर्षी दसऱ्याच्या दुपारी डोळ्यांचे शिबिर घेत. ज्यांना नातवंडांचे चेहरे दिसेनासे झाले आहेत असे म्हातारे आसपासच्या पाड्यांवरून त्या गावच्या शाळेत येत. त्या वर्षी गुरूंचा हात कापू लागला होता. शिष्याला नुकतेच सुवर्णपदक मिळाले होते आणि शहरात त्याचे सत्कार चालू होते. यंदाचे शिबिर आपण एकट्याने करावे, अशी त्याची तीव्र इच्छा होती. गुरू होकार देत नव्हते आणि नकारही देत नव्हते. ते एवढेच म्हणाले,

"गाडीचे नोझल मोडलेत. काचेवर पाणी येत नाही. घाटात अजून चिखल आहे. आधी ते बसवा, डॉक्टर."

पदक मिळाल्यापासून गुरू त्याला डॉक्टर म्हणत. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती, हे त्याला कळत नसे.

इतक्या जुन्या गाडीचे नोझल नव्या दुकानांत मिळेनात. शिष्याने ते जुन्या बाजारातून शोधून आणले. बॉनेट उघडून मोडके तुकडे काढले, कडक झालेली नळी बदलली, नवे नोझल बसवले आणि टाचणीच्या टोकाने त्यांची छिद्रे हलवून दोन्ही धारा काचेच्या बरोबर मध्यावर आणल्या. त्या दिवशी त्याचे काम खरोखरच चोख झाले होते.

दसऱ्याला सकाळी गाडी धुतली. गुरुपत्नींनी बॉनेटवर कुंकवाचे स्वस्तिक काढले आणि झेंडूचा जाड हार शिष्याच्या हाती दिला.

"तिथेच बांध रे, नेहमीच्या जागी. त्या दोन बोंडांना."

त्याने हाराची दोन टोके दोन नोझलना घट्ट बांधली. आरती झाली, नारळ फुटला. शिष्य निघण्याची परवानगी मागण्यासाठी वळला, तोच गुरू खुर्चीतून उठले. बागेच्या आळ्यातला ओला चिखल त्यांनी ओंजळीत घेतला आणि त्या लखलखीत काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत माखला.

"अहो! हे काय?" गुरुपत्नी ओरडल्या. "आत्ता पूजा झाली तिची! वर्षाचा सण आहे!"

"म्हणूनच," गुरू म्हणाले. "बसा डॉक्टर. चावी गाडीलाच आहे. पाणी सोडा."

शिष्याचा चेहरा उतरला. आपल्या कामाची अशी चेष्टा त्याला अपेक्षित नव्हती. त्याने बटण दाबले. एक धार टपावरून उडाली आणि आरतीचे तबक धरून उभ्या असलेल्या गुरुपत्नींच्या पदरावर पडली. दुसरी बॉनेटवरच फुलांत जिरली. वायपर कोरडेच फिरले आणि चिखल आणखी पसरला. समोरचे काहीही दिसेना.

"दसऱ्याला रंगपंचमी!" गुरुपत्नी पदर झटकत म्हणाल्या. "तरी मी म्हणत होते, दरवर्षी ही बोंडं मोडतात कशी."

"काल मी स्वतः तपासलं होतं, सर," शिष्य कसाबसा म्हणाला. "धारा अगदी मध्यावर पडत होत्या."

"पडत होत्या. मी खिडकीतून पाहिलं. तुमचा नेम अचूक होता," गुरू म्हणाले. "पण ती तपासणी हार घालण्यापूर्वीची. हाराला वजन असतं. तो ज्याला बांधतात त्याला थोडंसं वळवतो, आणि वळलेलं कुणाला दिसत नाही, कारण सगळे फुलांकडे पाहत असतात. माणसाची परीक्षा लोक सत्काराच्या आधी घेतात. नंतर कोणी घेत नाही. सजवलेल्या गाडीला चिखल लावायला कुणाचा हात धजेल? म्हणून ज्याचा त्याने लावून पाहायचा."

शिष्य गाडीतून उतरला. त्याने हार सोडला, टाचणी मागून घेतली आणि दोन्ही छिद्रे पुन्हा जागेवर आणली. मग काचेवर चिखल त्याने आपल्या हाताने माखला आणि पाणी सोडले. दोन धारा मधोमध आपटल्या. वायपर दोनदा फिरले आणि काचेतून फाटकाजवळ उभे असलेले गुरू दिसले. त्यांनी जवळ येऊन खिशातून चावीची जादा जोडी काढून त्याच्या हातावर ठेवली.

"हार नंबरप्लेटवर बांधा," ते म्हणाले. "आणि निघा. सीमोल्लंघन करायचं ना?"

घाटातल्या एका वळणावर समोरून आलेल्या उसाच्या ट्रकने चिखलाचा लोट उडवला आणि क्षणभर रस्ता नाहीसा झाला. शिष्याने न डगमगता बटण दाबले. रस्ता परत आला.

गावाच्या वेशीवर लोक हार घेऊन उभे होते. त्याने तो नम्रपणे घेतला, शाळेत जाऊन खुंटीला अडकवला, कोपरापर्यंत हात धुतले आणि मगच पहिल्या म्हातारीच्या डोळ्यावर उजेड धरला.

पुढे कितीतरी वर्षे तो त्या शिबिराला जात राहिला. गुरू गेले. त्याचे स्वतःचे केस पिकले. एक प्रश्न मात्र त्याला छळत असे: त्या सकाळी धारा दुसऱ्यांदाही चुकल्या असत्या, तर सरांनी मला पाठवले असते का? अखेर एके वर्षी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापकांजवळ त्याने तो भीतभीत बोलून दाखवला.

"काहीतरीच काय, डॉक्टरसाहेब!" ते हसून म्हणाले. "त्यांचा निरोप तर घटस्थापनेच्या आधीच आला होता. यापुढे माझे डॉक्टर येतील, म्हणून."

शिष्याने दोन जुन्या शिक्षकांना वेगवेगळे गाठून विचारले. दोघांनाही तो निरोप आठवत होता. त्यात 'माझे' हा शब्द होता, हेही.