दगडाला घास

एकदा एका वृद्ध गृहस्थांनी आपल्या घरातला समुद्र लहान करायचे ठरवले. समुद्र म्हणजे सहा फुटी काचेची टाकी: खारे पाणी, डोलणारे मऊ प्रवाळ, रंगीत मासे, आणि हे सारे जगवण्यासाठी अखंड घरघरणारी यंत्रे. गृहस्थ प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गाव त्यांना बेहेरे सर म्हणे. पत्नी निवर्तल्या होत्या, गुडघे कुरकुरत होते, आणि खाऱ्या पाण्याची बादली उचलताना तोल जाऊ लागला होता. एके सकाळी ते म्हणाले, "बस झालं रे, विश्राम. दोन फुटांत मावेल तेवढंच ठेवायचं."

विश्राम हा त्यांचा शिष्य. वय चाळीस, बाजारात चष्म्याचे दुकान. पाच वर्षे टाकीची काच तोच पुसत होता, यंत्रे तोच साफ करत होता; घरी त्याचीही कोळंब्यांची एक छोटी टाकी होती. सरांच्या मागे ही टाकी आपल्याकडेच येणार, असे त्याने मनाशी धरून ठेवले होते. कुणी तसे कबूल केले नव्हते, पण अशा गोष्टी माणूस स्वतःच स्वतःला कबूल करून टाकतो.

आणि सर वाटत सुटले. जांभळे प्रवाळ शेजारच्या बाईंना, पिवळे मासे डॉक्टरांना, मोठी टाकी यंत्रांसकट शाळेला. विश्रामच्या वाट्याला काय? काही नाही! त्याला हे फार लागले. तोंडाने तो "छान केलंत, सर" म्हणाला, आणि त्या दिवसापासून सरांच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवू लागला.

सरांनी स्वतःसाठी राखले ते इतकेच: नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउन माशांची जोडी, जी पत्नीने चौदा वर्षांपूर्वी हौसेने आणली होती, आणि एक दगड. तोही कसला, तर सिमेंटमध्ये शिंपल्यांचा चुरा कालवून सरांनी तरुणपणी घरीच पाडलेला; काळपट, भोकाभोकांचा, एका अंगाने तुटका. तो दगड तेवढा नव्या टाकीत ठेवला. मासे अजून मोठ्या टाकीतच होते. "पंधरा दिवस यात दुसरं काही नको," सर म्हणाले. "आणि दगडाला हात लावायचा नाही."

मग रोज सकाळी सर खुर्ची ओढून त्या टाकीपुढे बसत आणि माशांच्या खाद्याची चिमूट दगडावर सोडत. मासा नाही, कोळंबी नाही, आणि दगडाला घास! विश्राम दाराआडून पाहत राहिला. म्हाताऱ्याला चळ लागला म्हणावे, तर बाकी बोलणेचालणे लख्ख. नाही, कुठेतरी पाणी मुरत होते.

शोभेचे मासे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्यात तेल ओतले. चष्म्याच्या काचा बदलायला आला होता, सगळे ऐकून डोळे मिचकावत म्हणाला, "अहो, दगडाला कुणी जेवू घालतं का? आत काहीतरी दुर्मीळ बसलंय. तुम्हाला कळू द्यायचं नाहीये, दुसरं काय!"

मी म्हणतो, सरळ विचारायचे ना! सर काही वाघ नव्हते. पण संशय आला की माणसाला उत्तर नको असते, पुरावा हवा असतो. पंधराव्या दिवशी सकाळी सरांनी पाणी तपासले. "उत्तम! उद्या मासे इकडे," असे म्हणून ते दुपारी दातांच्या डॉक्टरकडे गेले. घराची किल्ली विश्रामकडे असेच. त्याने दगड काढला, मोरीत नेला आणि आत दडलेले बाहेर यावे म्हणून त्यावर चांगले कढत पाणी ओतले. ब्रशने भोक न् भोक घासले. निघाला काय, तर तपकिरी गाळ आणि एक केसाएवढा किडा. त्याने दगड होता तसा ठेवून दिला आणि मोरी धुऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी मासे नव्या टाकीत आले, मोठी टाकी शाळेत गेली. तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले. सरांच्या बोटातून घास घेणारी मादी बोटाकडे पाहीना. सरांनी पाणी तपासले आणि हातातली तपासणीची नळी खाली ठेवली. पाण्यात विष साठत होते.

"माझंच काहीतरी चुकलं," ते हळू आवाजात म्हणाले. "हात थरथरतात, नजर गेली. तिनं आणलेली एवढी एक आठवण होती, ती पण मी घालवणार बहुतेक. वाचले तर कुणाला तरी देऊन टाक, विश्राम. माझ्याच्याने आता होत नाही."

 विश्राम गप्प राहिला असता तर कुणाला कधी कळले नसते, दोष म्हातारपणाच्या माथी जाऊन तो मोकळा झाला असता. पण घास धरून राहिलेले ते बोट त्याला पाहवेना. "सर, तुमचं नाही चुकलं," तो म्हणाला. "मी दगड धुतला. कढत पाण्यानं. मला वाटलं, आत काहीतरी आहे आणि तुम्ही ते माझ्यापासून लपवताय."

सरांनी बादली पुढे ओढली. मग उठून म्हणाले, "आधी अर्धं पाणी बदलू. आणि तू घरी जा. तू पहिल्यांदा आलास तेव्हा एक दगड दिला होता ना मी? तो घेऊन ये. कोरडा पडू देऊ नकोस, तुझ्या टाकीतल्याच पाण्यात बुडवून आण. तुझ्या कोळंब्याही घेऊन ये, दगडावाचून त्यांचे हाल नकोत."

विश्राम धावला. त्याच्या छोट्या टाकीत तो दगड मागच्या कोपऱ्यात होता, कुरूप म्हणून ढकललेला. बादलीतून आणून त्याने तो सरांच्या टाकीत ठेवला, आणि दोन्ही दगडांच्या तुटक्या कडा एकमेकींना नीट जुळल्या. त्याला रडू फुटले.

सर म्हणाले, "आत काहीतरी होतं, हे तुझं खरंच होतं. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू. माशांची घाण तेच पचवतात, त्यांच्यामुळे पाणी पाणी राहतं. मासे येईपर्यंत ते उपाशी मरू नयेत म्हणून रोज चिमूटभर घालत होतो. लोकांना दिलं ते सगळं दिसायला सुंदर, पण ते नसलं तरी चालतं. ज्याच्यावर घर चालतं तो हा दगड. तू आलास त्याच दिवशी छिन्नीनं फोडून त्यातला अर्धा तुला दिला. तुझ्यासाठी वेगळं काय ठेवू? पण चूक माझीही आहे. हात लावू नको म्हटलं, का ते सांगितलं नाही. न सांगितलेल्या जागी संशय घर करतो बाबा."

दोन दिवसांनी मादीने बोटातून घास घेतला. सर लहान मुलासारखे हसले.

मोरीत घासलेला दगड विश्राम फेकायला निघाला, तेव्हा सरांनी हात धरला. "राहू दे शेजारी. मेलेला दगड जिवंत दगडाजवळ ठेवला की हळूहळू तोही जगतो. घाई करायची नाही."

सहा महिने दोन्ही दगड शेजारी शेजारी राहिले. मग सरांनी त्यातला एक बादलीत घालून विश्रामच्या हाती दिला. त्याने वाकून पाहिले. तो त्याने घरून आणलेला नव्हता. त्याने धुतलेला होता. त्यावर पुन्हा तपकिरी साय धरली होती.

"हा ने," सर म्हणाले. "आणि पुन्हा शंका आली तर मला विचार. दगडाला विचारू नकोस."