शेंदराखालची अक्षरे

डोंगर अजून अंगाने भरलेले होते, त्यांना खाणींची खिंडारे पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्याच्या टोकाला पाथरवटांचे गाव होते. राजाची देवळे, नदीचे घाट, घरोघरची दळायची जाती, सगळे याच गावच्या हातून घडे.

पण दगड फोडणाऱ्याचे हात काही दगडाचे नसतात. साठी जवळ आली की बोटे थरथरू लागत, छातीत धूळ साठून दम लागे, आणि एक दिवस छिन्नी खाली ठेवावी लागे. मग खायचे काय? म्हणून गावातल्या जाणत्यांनी फार पूर्वी धान्य साठवायला जमिनीत एक खोल पेव खणले होते. ज्याचे हात चालतात, त्याने दरसाल मजुरीच्या ज्वारीतल्या दोन पायल्या त्यात टाकायच्या. ज्याने छिन्नी ठेवली, त्याला मरेपर्यंत त्यातून दाणे मिळायचे. पेव सांभाळायला पाच राखणदार असत.

पेवाच्या तोंडाशी एक उभी शिळा होती. तिच्यावर जाणत्यांनी काहीतरी खोदून ठेवले होते. काय खोदले होते, ते मात्र विचारू नका. गाव दर पाडव्याला तिला शेंदूर फासत आला होता, आणि वर्षानुवर्षांच्या शेंदराने अक्षरे पार बुजली होती. शिळेचा आता देव झाला होता. गाव तिला पेवोबा म्हणे. एखादी गोष्ट पाळायचा कंटाळा आला की माणूस तिची पूजा करू लागतो. त्यात या गावाने काही जगावेगळे केले नव्हते.

नागोजी हा राखणदारांतला मुख्य. सरळ माणूस. नऊ वर्षांत एक दाणा इकडचा तिकडे केला नव्हता. पाडव्याला पेवाचे तोंड तोच उघडी, वर्षभराची ज्वारी वरूनच काढी, नवी ज्वारी वरच ओती आणि तोंड लिंपून टाकी. शेंदराचा पहिला हातही त्याचाच. बाकीचे राखणदार नारळ फोडला की घरी जात. लोक म्हणत, "नागोजी आहे ना? मग आपण कशाला बघायचं?"

या बोलण्याने नागोजीची छाती फुगायची. आता मात्र ते बोलणे कानावर आले की तो मान खाली घालून वाट बदली.

त्याला कारण होते. तीन वर्षांपूर्वी पेव उघडताना त्याला खालून कुबट वास आला होता. शेजारी नवी खाण खणली होती, तिच्यात पावसाचे पाणी तुंबत होते. पहिल्या वर्षी त्याने मनाशी म्हटले, भास असेल. दुसऱ्या वर्षी वास वाढला. पण आता सांगावे तर लोक विचारणार, गेल्या वर्षी का नाही बोललास? तिसऱ्या वर्षी तर तोंड उघडायची सोयच राहिली नाही. बिचाऱ्याला भाकरी गोड लागेना.

त्यातच या पाडव्याला त्याचे वस्ताद छिन्नी ठेवणार होते. नागोजीच्या हातात पहिली छिन्नी दिली ती त्यांनीच. त्यांना ना मूल ना बाळ. चाळीस वर्षे त्यांनी पेवात ज्वारी टाकली होती. तीच आता चिखल होऊन निघाली तर?

त्याच वर्षी एक राखणदार वारला आणि त्याच्या जागी गावाने साळूबाईला नेमले. बोथट छिन्न्या भट्टीत तापवून त्यांना धार लावून देणे हे तिचे काम. पाडव्याला सगळे पेवापाशी जमले, तेव्हा तिने पहिल्याच दमात विचारले, "राखणदारानं करायचं काय असतं?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. एक जण म्हणाला, "पूजेला यायचं. नारळ फोडायचा."

"आणि पेवाचा तळ कुणी बघितलाय?"

पहिल्याला वाटत होते, दुसऱ्याने बघितला असेल. दुसऱ्याला वाटत होते, तिसऱ्याने. शेवटी सगळ्यांचे डोळे नागोजीवर येऊन थांबले. नागोजी भडकला. भ्यालेला माणूस असाच भडकतो.

"म्हणजे माझ्यावर संशय आहे का तुझा?"

"दादा, मी पेवाचं विचारतेय," साळूबाई शांतपणे म्हणाली. "तुमच्या हातची छिन्नी पण बोथट होते. माझ्या भट्टीवर आणताच ना तुम्ही? तेव्हा कुठं तुम्हाला राग येतो?"

साळूबाई शिळेकडे वळली. "हिच्यावर राखणदारांचे नियम आहेत, असं माझे सासरे म्हणायचे. शेंदूर काढून बघू या."

लोक मागे सरले. "देव कोपला तर?"

गर्दीतून काठी टेकत वस्ताद पुढे आले. "कोपला तर माझ्यावर कोपू दे. ही अक्षरं माझ्या बापानं खोदलीत. पूजा सुरू झाली आणि वाचायचं राहूनच गेलं, आमचंही." त्यांनी छिन्नी लावली आणि हलकेच एक ठोका दिला. शेंदराचे जाड कवच अखंड निखळून खाली पडले.

वस्तादांना आता नीट दिसत नव्हते. ते एकेका अक्षरावरून बोट फिरवत मोठ्याने वाचू लागले.

"एकट्यानं पेव उघडू नये. दरसाल तळाचा दाणा वर आणून साऱ्या गावाला दाखवावा. आत उतरण्याआधी दिवा सोडावा. जे आपल्याला कळत नाही, ते जाणत्याला विचारावं." शेवटच्या ओळीवर त्यांचे बोट रेंगाळले. "जो राखणदार बिघाड सांगेल, त्याला उशिराचाही दोष देऊ नये."

नागोजी पुढे होऊन शिळेपाशी आला. ज्या एका ओळीसाठी तो तीन वर्षे तळमळत होता, तिच्यावर नऊ वर्षे त्यानेच शेंदूर फासला होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले आणि त्याने सगळे सांगून टाकले: वास, खाण, तीन वर्षांची भीती.

कुणीतरी तावातावाने पुढे आला. वस्तादांनी काठी आडवी धरली. "ओळ ऐकलीस ना? मग दोर आण."

पेव उघडले. दोराला बांधून दिवा आत सोडला, तो विझला, म्हणजे आतली हवा कोंडून विषारी झाली होती. दिवसभर तोंड उघडे ठेवले. दुसऱ्या दिवशी दिवा स्थिर जळला, तेव्हा माणसे उतरली. तीन दिवस सारा गाव टोपल्या ओढत होता. वरची ज्वारी निघाली, मधली निघाली, आणि नागोजीचा जीव टांगणीला लागला.

खाणीच्या बाजूला ज्वारी काळी पडून तिची ढेकळे झाली होती. चौथा हिस्सा गेला होता. बाकीची ज्वारी कोरडी, खणखणीत होती. आणखी एक पावसाळा गेला असता, तर पेवात फक्त चिखल उरला असता.

गावाने सुटकेचा निःश्वास टाकला. ज्वारी उन्हात पसरली, खाणीचे पाणी चर खणून ओढ्याला काढून दिले, पेवाला ताजा कडबा लावला. पहिली पायली वस्तादांच्या पदरात पडली. त्यांनी तळाचा एक दाणा दाताखाली फोडला आणि म्हणाले, "नागू, कडक आहे रे!"

नागोजीने राखणदारी सोडायची तयारी दाखवली. साळूबाई म्हणाली, "तुम्ही राहाच. तुमचं नाक चांगलं आहे. फक्त आता वास आला की आम्हालाही बोलवा." सगळे हसले. नागोजीही हसला, आणि त्या दिवशी तीन भाकऱ्या जेवला.

पुढे दर पाडव्याला शिळा पाण्याने स्वच्छ धुतली जाई आणि नियम मोठ्याने वाचले जात. म्हाताऱ्यांनी हट्टच धरला म्हणून शेंदराचा एक टिळा तेवढा लावत, पण तो शिळेच्या पाठीला.

तात्पर्य: ज्याच्या हाती इतरांचे म्हातारपण सोपवले आहे, त्याने नियमाची पूजा न करता तो पाळावा आणि कुणी तळ दाखव म्हटले, तर अपमान न मानता हायसे वाटून घ्यावे.